सार्वजनिक जमिनीवरील शिकारीसाठी डिजिटल नकाशे : कोलोराडोतील चार हंगामांनंतरचा अभिप्राय

ऑगस्टमधील एका सकाळी उत्तर कोलोराडोतील नॉर्थ पार्कच्या पठारावर, वॉल्डन गावापासून काही मैलांवर, मी एका तारेच्या कुंपणासमोर उभा होतो. फोनवरच्या नकाशात कुंपणापलीकडचा चौकोन निळा दिसत होता. निळा म्हणजे राज्याची जमीन, आणि ज्या ॲपची वर्गणी मी भरली होती, त्याच्या यादीत हा चौकोन ‘सार्वजनिक’ या शीर्षकाखाली येत होता. फाटकावरच्या पाटीवर मात्र जमीन चराईसाठी भाड्याने दिलेली असल्याचे आणि लोकांना प्रवेश नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. घरी परतल्यावर राज्याच्या कागदपत्रांत शोध घेतला, तेव्हा नकाशा आणि पाटी या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. जमीन राज्याचीच होती, पण तिच्यावर पाऊल ठेवण्याचा हक्क मला नव्हता.

कोलोराडोच्या स्टेट लँड बोर्डाकडे सुमारे २८ लाख एकर ‘ट्रस्ट’ जमीन आहे. तिचे उत्पन्न मुख्यतः शाळांसाठी राखलेले असते, त्यामुळे ती गुराखी, शेतकरी आणि खाणवाले यांना भाड्याने दिली जाते. राज्याच्या वन्यजीव खात्याने म्हणजे कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफने जे तुकडे ‘पब्लिक ॲक्सेस प्रोग्रॅम’खाली लोकांसाठी घेतले आहेत, तेवढेच शिकाऱ्याला खुले असतात आणि बाकीचे बंद असतात. शेजारच्या वायोमिंगमध्ये आणि मोंटानामध्ये अशी राज्याची जमीन, तिथवर कायदेशीर वाट असेल तर, साधारणपणे परवानाधारक शिकाऱ्याला खुली असते. म्हणजे एकाच निळ्या रंगाचा अर्थ राज्याची सीमा ओलांडताच बदलतो. आपल्याकडे सातबारा वाचणाऱ्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. कब्जेदाराच्या रकान्यातले नाव वाचून कोणी व्यवहार करत नाही, ‘इतर हक्क’ हा रकाना पाहतो आणि वहिवाटीचा रस्ता कुठून आहे ते गावात विचारतो. शिकारीसाठी मिळणारे बहुतेक डिजिटल नकाशे कब्जेदाराचा रकाना फार सुंदर रंगवून देतात. इतर हक्कांचा रकाना मात्र आपल्यालाच शोधावा लागतो, आणि हा अभिप्राय प्रामुख्याने त्या शोधाविषयी आहे.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय बहुतेक मराठी घरांतून हद्दपार झाला, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत शिकार परवाना, ठरावीक हंगाम, ठरावीक भूभाग म्हणजे ‘युनिट’ आणि नर-मादीची मर्यादा या चौकटीत चालते, आणि वन्यजीव खात्यांच्या खर्चाचा मोठा भाग परवान्यांच्या शुल्कातून निघतो. इथे नोकरीनिमित्त स्थिरावलेले काही मराठी लोक गेल्या काही वर्षांत या छंदाकडे वळले आहेत. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ओळखीत एखादा रँचमालक असतो. म्हणून त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी सार्वजनिक जमीन हाच एकमेव मार्ग आहे. ही जमीन काही थोडीथोडकी नाही. संघराज्य सरकारच्या खात्यांपैकी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएमकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर आणि फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर क्षेत्र आहे. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी यातले नेमके कोणते खोरे पायाखाली घालावे, हे ठरवण्याची मेहनत वसंतात घरच्या टेबलावर सुरू होते, आणि तिचे साधन म्हणजे हे नकाशे.

नकाशाचा थर, म्हणजे लेयर, ही कल्पना सोपी आहे. एकाच जमिनीविषयीची एकेक माहिती वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून ते कागद एकमेकांवर ठेवावेत, तसे हे काम चालते. पहिला कागद मालकीचा असतो. सरकारी रंगसंगतीत बीएलएमची जमीन पिवळी, नॅशनल फॉरेस्ट हिरवे, राज्याची जमीन निळी आणि खाजगी जमीन पांढरी दाखवतात. हा कागद कितीही झूम केला तरी त्यात सरळ रेषा आणि चौकोन दिसतात, त्याचे मूळ १७८५च्या जमीन अध्यादेशात आहे. त्या पद्धतीने पश्चिमेची मोजणी करताना सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा ‘टाउनशिप’ आखल्या, प्रत्येकीचे एक चौरस मैलाचे म्हणजे ६४० एकरांचे ३६ ‘सेक्शन’ केले, आणि पुढे १८६२च्या कायद्यानुसार लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे एक सोडून एक सेक्शन रेल्वे कंपन्यांना दिले. दक्षिण वायोमिंगचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो तो या वाटपामुळे, आणि शिकाऱ्याच्या पुढच्या साऱ्या अडचणी याच पटातून निर्माण होतात.

सशुल्क सेवांमध्ये सर्वांत परिचित नाव ऑनएक्स हंट हे आहे. मोंटानातील मिझुला येथे २००९मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने प्रथम हातात धरायच्या जीपीएस यंत्रात बसणारी चिप विकली आणि स्मार्टफोन आल्यावर तेच काम ॲपमध्ये आणले. हिचे खरे बळ खाजगी जमिनीच्या थरात आहे. प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कर-कार्यालयात असलेल्या मिळकतींच्या नोंदी एकत्र करून, जुळवून, मालकाच्या नावासह बोटाखाली आणून देणे हे अतिशय कष्टाचे काम आहे, आणि सामान्य माणसाने ते स्वतः करायचे ठरवले तर त्याचा हंगाम त्यातच संपेल. मी एका राज्याची वर्गणी घेतो. ती वर्षाला पस्तीस डॉलरच्या आसपास पडली. संपूर्ण देशाची वर्गणी शंभर डॉलरच्या जवळ जाते, आणि दरवर्षी दोन-तीन राज्यांत शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यालाच ती परवडते असे माझे मत आहे. युनिटच्या सीमा, ऑफलाइन नकाशा आणि चाललेल्या वाटेची नोंद या तीनही गोष्टी या ॲपमध्ये समाधानकारक आहेत. डोंगरात सिग्नल नसतो, त्यामुळे ऑफलाइन नकाशाशिवाय बाकीच्या सुविधांना काहीच अर्थ उरत नाही.

तरीही ज्या गोष्टीचे आपण पैसे देतो, ती नीट ओळखून द्यावेत. बीएलएम आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या सीमा, वन्यजीव खात्याने आखलेली युनिटे, भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे उंचीचे नकाशे आणि वणव्यांच्या सीमा ही सगळी मूळची सरकारी माहिती आहे आणि सरकारी संकेतस्थळांवर ती विनामूल्य मिळते. वर्गणीचे पैसे खाजगी मिळकतींच्या थरासाठी आणि सुबक मांडणीसाठी जातात. मांडणीचे मोल मी कमी लेखत नाही, कारण पहाटे चार वाजता गोठलेल्या बोटांनी फोन हाताळताना ती फार उपयोगी पडते. पण ‘शेकडो थर’ अशी जाहिरात पाहून सेवा निवडू नये. माझ्या हंगामभराच्या कामात सात-आठ थरच पुन्हापुन्हा उघडले गेले. त्यांतले प्रवेशाशी निगडित थर मी नेहमी मूळ खात्याच्या नकाशाशी ताडून पाहतो, कारण मधल्या हातांतून आलेल्या माहितीत नेमकी तारीख हरवते.

नियोजनासाठी माझी पहिली पसंती कॅलटोपोला आहे. हे साधन गिर्यारोहक आणि शोध-बचाव पथकांमध्ये लोकप्रिय आहे, आणि शिकाऱ्यांनी त्याच्याकडे जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे अजून दिलेले दिसत नाही. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर एकावर एक थर ठेवून प्रत्येकाची पारदर्शकता हवी तशी कमी-जास्त करता येते, ही यातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय आहे. मी खाली सर्वेक्षण खात्याचा १:२४,००० प्रमाणाचा टोपो, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा, नकाशा ठेवतो, त्यावर उताराचा रंगीत थर तीस टक्क्यांवर, आणि त्यावर सार्वजनिक जमिनीचा थर अगदी फिका. उताराचा थर हिमस्खलनाचा धोका ओळखण्यासाठी बनवलेला आहे, पण तोच उलट वाचला की दाट जंगलाच्या उभ्या उत्तर उतारावर मध्येच असलेला एखादा सपाट टप्पा नजरेत भरतो. सप्टेंबरच्या दुपारी एल्क बहुधा अशाच गार, सावलीतल्या टप्प्यावर बसून रवंथ करतात, कारण दुपारी वारा दरीतून वर चढतो आणि खालून येणाऱ्या प्रत्येकाचा वास त्यांना बसल्या जागी मिळतो. टोपो नकाशाच्या चाळीस फुटांच्या समोच्च रेषांमध्ये लहान टप्पा सहज लपून राहतो, उताराच्या रंगांत तो उठून दिसतो. या सेवेचा बराचसा भाग विनामूल्य वापरता येतो आणि साध्या कागदाच्या आकाराचा नकाशा छापताही येतो. गाया जीपीएस मी एक हंगाम वापरले. पायवाटांसाठी ते चांगले आहे, पण वरच्या कामासाठी मला कॅलटोपो अधिक सोयीचे वाटले.

आता रस्त्यांविषयी, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या ओळखीतल्या नवशिक्यांच्या बहुतेक चुका याच थरात झाल्या आहेत. जवळपास प्रत्येक ॲपच्या पायाभूत नकाशात जंगलातून जाणाऱ्या कितीतरी तुटक रेषा दिसतात. त्यांतल्या अनेक रेषा जुन्या लाकूडतोडीच्या वाटांच्या आहेत. त्या जमिनीवर आजही असतील, त्यांवरून जीप जाऊही शकेल, पण तिथे गाडी नेणे कायदेशीर आहे की नाही हे ती रेषा सांगत नाही. त्यासाठी फॉरेस्ट सर्व्हिसचा ‘मोटार व्हेइकल यूज मॅप’ पाहावा लागतो. २००५च्या नियमानुसार तयार होणारा हा नकाशा काळ्या-पांढऱ्या रंगात, अत्यंत रुक्ष दिसणारा आणि विनामूल्य असतो, आणि मोटार-प्रवेशाचा कायदेशीर दस्तऐवजही तोच असतो. जो रस्ता या नकाशावर नाही तो मोटारीसाठी बंद आहे असे मानायचे, मग तिथे फाटक असो वा नसो, पाटी असो वा नसो. ज्या रस्त्याजवळ हंगामी चिन्ह असते त्याच्या उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या तारखा कडेच्या तक्त्यात दिलेल्या असतात, आणि ज्या रस्त्यांच्या कडेला तंबू ठोकता येतो ते ठिपक्यांनी दाखवलेले असतात. दुसऱ्या हंगामात माझ्या मित्राने तक्ता न पाहता आखलेला आमचा मुक्काम, रस्ता बंद होण्याच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी येत होता, हे निघण्याच्या आदल्या रात्री लक्षात आले, आणि आम्हाला सगळी आखणी पुन्हा करावी लागली. हा नकाशा ॲव्हेन्झा ॲपमध्ये घेतला की आपला निळा ठिपका त्यावर चालताना दिसतो.

हाच रस्त्यांचा थर उलट बाजूनेही वापरता येतो. ओरेगॉनमधील स्टार्की प्रायोगिक वनात १९८९पासून एल्कच्या हालचालींचा अभ्यास चालू आहे आणि मोटारींच्या वाहत्या रस्त्यांपासून एल्क दूर राहतात हे तिथे पुन्हापुन्हा दिसून आले आहे. फॉरेस्ट सर्व्हिस मोटार-रस्त्यांची माहिती जीआयएसच्या, म्हणजे संगणकीय नकाशाच्या, स्वरूपातही देते. ती क्यूजीआयएस या विनामूल्य प्रणालीत घेऊन प्रत्येक खुल्या रस्त्याभोवती एक मैलाचा पट्टा काढला आणि तो सगळा नकाशातून वजा केला, तर उरलेले तुकडे मोजकेच असतात. माझ्या युनिटमध्ये असे सात तुकडे उरले. त्यांतले दोन झाडरेषेच्या वरचे होते, एकाला पाणी नव्हते, आणि उरलेल्या चारांवर मी गेल्या दोन उन्हाळ्यांचे सगळे शनिवार घालवले. हे काम कोणतेही ॲप एका बटणात करून देत नाही. करायला दोन संध्याकाळ लागतात, आणि त्या दोन संध्याकाळी मला कोणत्याही वर्गणीपेक्षा अधिक उपयोगी पडल्या. नर एल्कचे हाडाविना मांसच नव्वद किलोच्या घरात जाते आणि ते पाठीवरून बाहेर आणायचे असते, म्हणून मैलाऐवजी तीन मैलांचा पट्टा काढण्याचा मोह मात्र टाळावा. विल्डरनेस, म्हणजे कायद्याने नैसर्गिक स्थितीत राखलेला रानटी भूभाग, म्हणून घोषित झालेल्या क्षेत्रात चाकाची ढकलगाडीसुद्धा चालत नाही.

राज्याच्या वन्यजीव खात्याचा ‘हंटिंग ॲटलस’ दिसायला जुनाट आहे आणि फोनवर हळू चालतो, तरी कोलोराडोत शिकार करणाऱ्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी असे मी आग्रहाने सांगतो. वर ज्या निळ्या चौकोनाची गोष्ट सांगितली, तिथे ‘खुला’ आणि ‘बंद’ हा भेद या ॲटलसमध्ये वेगळ्या थरात दाखवलेला होता. मी तो उघडून पाहिला नव्हता. पुढे खात्याच्या स्थानिक कार्यालयाला फोन केल्यावर तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत मला त्याच परिसरातला कार्यक्रमात समाविष्ट असलेला दुसरा तुकडा आणि त्याला लागून असलेली बीएलएमची जमीन नकाशावर शोधून दिली. याच खात्याचे प्राण्यांच्या वावराचे थरही विनामूल्य आहेत. एल्कचा उन्हाळी वावर, हिवाळी वावर, कडाक्याच्या हिवाळ्यातला आश्रय, विण्याच्या जागा आणि स्थलांतराचे मार्ग हे खात्याचे जीवशास्त्रज्ञ आणि त्या भागात वर्षानुवर्षे काम करणारे अधिकारी आखतात. हे थर फार मोठ्या भूभागाचे असतात आणि ‘या झाडाखाली एल्क आहे’ असे त्यांतून कळत नाही. पण ऑक्टोबरच्या शेवटी बर्फ पडल्यावर कळप कोणत्या बाजूने खाली उतरतील, हा प्रश्न मी यांच्यावरूनच सोडवतो, आणि नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिसच्या स्नोटेल केंद्रांवरची बर्फाची रोजची खोली त्याच्या जोडीला पाहतो.

वणव्याचा थर मला सर्वांत अधिक शिकवून गेला. २०२०च्या ऑगस्टमध्ये लॅरिमर काउंटीत लागलेली कॅमेरॉन पीकची आग २,०८,९१३ एकरांवर पसरली. कोलोराडोच्या ज्ञात इतिहासातील ती सर्वांत मोठी आग ठरली. अशा जळिताच्या जागी दोन-तीन वर्षांत गवत आणि ॲस्पेनचे कोवळे धुमारे येतात आणि एल्क तिथे चरायला येतात, हे ऐकून मी फक्त आगीची बाह्यरेषा नकाशावर घेतली आणि तिच्या मधोमध जाऊन पोहोचलो. मधला भाग इतक्या तीव्रतेने जळला होता की तिथे काळ्या खोडांशिवाय आणि उघड्या मातीशिवाय फारसे काही नव्हते. नंतर कळले की ‘बर्न सेव्हेरिटी’चा, म्हणजे दाहाच्या तीव्रतेचा, स्वतंत्र थर उपलब्ध असतो. १९८४पासूनच्या मोठ्या वणव्यांसाठी तो सरकारी प्रकल्पाने तयार केला आहे. त्यात मध्यम आणि सौम्य तीव्रतेचे पट्टे जिथे न जळलेल्या हिरव्या जंगलाला भिडतात, त्या कडा मी आता शोधतो. एका बाजूला चारा आणि पन्नास पावलांवर सावली, अशी रचना तिथे मिळते. मात्र जळून उभी राहिलेली लॉजपोल पाइनची खोडे दरवर्षी वाऱ्याने कोसळत राहतात, आणि कमरेएवढ्या उंचीवर आडव्यातिडव्या पडलेल्या ओंडक्यांमधून एक मैल जायला मला तीन तास लागलेले आहेत. हे पडलेले ओंडके मला कोणत्याही थरात सापडलेले नाहीत, ते पाहण्यासाठी उन्हाळ्यात चालतच जावे लागते.

पाण्यासाठी मी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे वापरतो. कोपर्निकस ब्राउझरवर ती विनामूल्य आहेत, त्यांतला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा असतो आणि ढग नसतील तर साधारण पाच दिवसांनी नवे चित्र मिळते. ॲपमधल्या सुंदर हवाई छायाचित्रात घराचे छप्परही दिसते, पण ते जूनमधले आहे की तीन वर्षांपूर्वीचे, हे अनेकदा समजत नाही. सेंटिनेलचे चित्र धूसर असले तरी त्याची तारीख माहीत असते, आणि इन्फ्रारेड पट्ट्यात ते पाहिले की जिवंत हिरवळ लाल दिसते. ऑगस्टच्या शेवटी संपूर्ण डोंगर तपकिरी झालेला असताना एका घळीच्या माथ्यावर नखाएवढा लाल डाग मला आढळला. टोपो नकाशावर तिथे झऱ्याची खूण नव्हती. दोन आठवड्यांनी तिथे पोहोचलो, तेव्हा विलोच्या झुडपांमध्ये खाटेएवढे चिखलाचे डबके होते. काठच्या मऊ मातीत खुरांचे ठसे इतके ताजे होते की त्यांत पाणी अजून पाझरत होते, भोवतालच्या गवताला चिखलाचे शिंतोडे लागलेले होते, आणि माजावर आलेल्या नराचा उग्र दर्प वीस पावलांवरून जाणवत होता. एका विनामूल्य थराने याहून अधिक काय द्यावे?

आता त्या बुद्धिबळाच्या पटाकडे परत येतो. पटावर दोन काळी घरे जशी फक्त कोपऱ्याच्या एका बिंदूत एकमेकांना स्पर्श करतात, तसे सार्वजनिक जमिनीचे दोन सेक्शन अनेक ठिकाणी केवळ कोपऱ्यात भेटतात. ऑनएक्सने २०२२मध्ये केलेल्या मोजणीनुसार पश्चिमेत ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन अशा कोपऱ्यांमागे अडकलेली आहे. वायोमिंगमधील एल्क माउंटन येथे मिझुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी २०२०मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये असा कोपरा ओलांडला, दुसऱ्या वेळी त्यासाठी स्वतः बनवलेली शिडी वापरली, आणि खाजगी जमिनीला पाय लागू दिला नाही. फौजदारी खटल्यात २०२२मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. जमीनमालकाने लावलेल्या दिवाणी दाव्यात २०२३मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सार्वजनिक जमीन बेकायदा कुंपणाने अडवण्यास बंदी घालणाऱ्या १८८५च्या कायद्याच्या आधारे त्यांची बाजू उचलून धरली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. या सर्किटमध्ये, म्हणजे अपील न्यायालयाच्या विभागात, वायोमिंगसोबत कोलोराडो, युटा आणि न्यू मेक्सिकोही येतात. मोंटाना आणि आयडाहो नवव्या सर्किटमध्ये असल्याने तिथे हा निकाल बंधनकारक नाही.

पण हा निकाल वाचून फोनवरचा ठिपका कोपऱ्यावर आणून पाऊल टाकणाऱ्याला मी मनापासून थांबवीन. उघड्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची अचूकता साधारण पाच मीटर असते, आणि ओलांडायचा तो बिंदू असतो. मिळकतींच्या थरातल्या रेषाही काही ठिकाणी प्रत्यक्ष मोजणीपासून सरकलेल्या असतात. खरा कोपरा जमिनीत रोवलेल्या खुणेवर असतो. एका सेक्शनचा कोपरा मी प्रत्यक्ष शोधून पाहिला. ॲपच्या रेषा जिथे एकमेकांना छेदत होत्या तिथे सेजब्रशच्या झुडपांशिवाय काहीच नव्हते. सात पावलांवर दगडांचा ढीग होता, आणि त्याच्याजवळ लोखंडी नळीच्या माथ्यावर बसवलेली तळहातात मावेल एवढी पितळी चकती होती. हाताने माती पुसल्यावर तिच्यावर अधिक चिन्हासारख्या रेषा, चार बाजूंना चार सेक्शनचे क्रमांक, टाउनशिपची अक्षरे आणि मोजणीचे वर्ष स्पष्ट वाचता आले. गावाकडे बांधाच्या कोपऱ्यातला मोजणीचा दगड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही चकती लगेच ओळखीची वाटेल. ती सापडली नाही, तर तो कोपरा त्या दिवशी आपल्यासाठी नाही असे समजून मागे फिरावे.

दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी ‘इतर हक्कां’चा रकाना तिथल्या नियमांनुसार नव्याने वाचावा. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातून आलेल्या शिकाऱ्याला विल्डरनेस क्षेत्रात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी वाटाड्या सोबत असावा लागतो, त्यामुळे इतरत्र केवळ निसर्गसौंदर्याची खूण असलेला तो थर तिथे कुंपणासारखा वाचावा लागतो. मोंटानात ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ योजनेखाली लाखो एकर खाजगी जमीन शिकाऱ्यांना खुली होते, आणि मालकीच्या थरात ती पांढरीच दिसते. वायोमिंगच्या ‘वॉक-इन’ क्षेत्रांचेही तसेच आहे. संघराज्य सरकारच्या जमिनींवरील वाटा, हक्काचे रस्ते आणि निर्बंध डिजिटल स्वरूपात आणून लोकांना उपलब्ध करून देण्यासाठी २०२२मध्ये ‘मॅपलँड’ कायदा झाला. अनेक वहिवाटींचे करार आजवर कार्यालयांतल्या कपाटांत कागदावरच पडून होते, त्यामुळे हे काम पूर्ण होणे माझ्यासारख्याला कोणत्याही नव्या ॲपपेक्षा महत्त्वाचे वाटते.

कोलोराडोत पहिल्यांदा उतरणाऱ्याने एका राज्याची ऑनएक्सची वर्गणी घ्यावी, नियोजन कॅलटोपोवर करावे, रस्त्यांसाठी फॉरेस्ट सर्व्हिसचा आणि राज्याच्या जमिनीसाठी वन्यजीव खात्याचा मूळ नकाशा पाहावा, आणि बीएलएमचा १:१,००,००० प्रमाणाचा कागदी नकाशा पाठपिशवीत ठेवावा, कारण शून्याखालच्या तापमानात फोनची बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. पहिल्या वर्षी मी तीन वेगवेगळ्या सेवांची वर्गणी एकाच वेळी भरली होती. तेवढ्या पैशांत दोन वेळा त्या भागात जाऊन येण्याचे पेट्रोल झाले असते, आणि तसे केले असते तर त्या वर्षी अधिक कळले असते.

सशुल्क सेवा देणाऱ्यांकडे माझे दोन आग्रह आहेत. मालकीचा रंग आणि प्रवेशाचा रंग हे त्यांनी वेगळे करावेत, म्हणजे बंद असलेली राज्याची जमीन निळ्यावर आडव्या रेघा मारून दाखवावी. आणि प्रत्येक मिळकतीवर बोट ठेवले की मालकाच्या नावासोबत ती नोंद काउंटीकडून कोणत्या महिन्यात घेतली हेही दिसावे. तोवर मी छापलेल्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात प्रत्येक थराचा उगम आणि तो उतरवून घेतल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवतो, आणि हंगाम सुरू होण्याच्या आठवड्यात ते कागद समोर ठेवून स्थानिक कार्यालयाला एक फोन करतो.